स्कीम संपली की विक्री पुन्हा खाली: उतरणीला लागलेल्या मालाचं निदान आणि उपाय

लक्षण असं असतं. एखादा जुना, चांगला चाललेला माल हळूहळू कमी खपायला लागतो. मालक 'दहावर एक फुकट' अशी स्कीम काढतो. दोन महिने आकडा उसळतो, सगळ्यांना हायसं वाटतं. स्कीम बंद झाली की आकडा आधीच्याही खाली जातो. मग पुढची स्कीम 'आठवर एक'. वर्षभरात हे तीन-चार वेळा होतं आणि दर वेळी उसळी आधीपेक्षा छोटी असते. लहान उत्पादक, स्टॉकिस्ट (उत्पादकाकडून माल घेऊन दुकानांना पुरवणारे), घरगुती ब्रँड चालवणारे असे अनेक जण या चक्रात अडकलेले असतात. हा त्रास कष्टाळू माणसांनाच जास्त होतो, कारण विक्री पडली की ते स्वस्थ बसत नाहीत, काहीतरी करतात आणि समोर पहिली दिसते ती स्कीमच.

स्कीम काढण्याआधी नेमकं काय घसरतंय ते शोधा. त्यासाठी फार हुशारी लागत नाही, जुनी बिलं आणि चार दिवसांची पायपीट लागते.

माल गेला की खपला?

तुमच्या बिलबुकात दिसतं ते फक्त स्टॉकिस्टकडे गेलेल्या मालाचं चित्र. गिऱ्हाइकाने किती उचलला हे त्यात नसतं. स्टॉकिस्टकडून दर महिन्याची सुरुवातीची शिल्लक, खरेदी आणि अखेरची शिल्लक मागवा. सुरुवातीच्या शिलकीत खरेदी मिळवायची, त्यातून अखेरची शिल्लक वजा करायची; उरतो तो खरा खप.

समजा, स्टॉकिस्टकडे ८०० नग होते. स्कीममुळे त्याने १५०० घेतले आणि महिनाअखेर १४५० उरले. खप झाला ८५०. पुढच्या महिन्यात स्कीम नाही म्हणून त्याने फक्त २०० घेतले आणि अखेरीस ८०० उरले. खप पुन्हा ८५०. तुमच्या कागदावर १५०० वरून २०० वर कोसळलेली विक्री दिसते आणि तुम्ही हादरून नवी स्कीम काढता. दुकानातून मात्र दोन्ही महिन्यांत तेवढाच माल बाहेर पडलेला असतो. स्कीमने विक्री वाढलीच नव्हती. पुढच्या महिन्याचा माल या महिन्यात, कमी भावाने, स्टॉकिस्टच्या गोदामात जाऊन पडला होता.

स्टॉकिस्ट शिल्लक सांगायला तयार नसेल तर वेगवेगळ्या पेठांतली काही दुकानं फिरा आणि पाकिटावरची उत्पादनाची तारीख बघा. फळीवर आठ महिन्यांपूर्वीचा माल असेल आणि तुम्ही मागच्या आठवड्यात 'जोरदार ऑर्डर' घेतली असेल, तर मधला सगळा माल कुठेतरी तुंबलेला आहे. तो एक्स्पायरीला परत येईल आणि त्याचा खर्चही तुमच्याच अंगावर पडेल.

मागच्या ऑक्टोबरशी या ऑक्टोबरची तुलना करू नका

ही चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगायला हवी. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं. साबण, उटणं, फराळाचं सामान, भांडी, कपडे, रंग यांपैकी काहीही विकणाऱ्याला २०२३ च्या ऑक्टोबरात विक्री 'पडलेली' दिसली असणार आणि नोव्हेंबरात 'चढलेली'. दोन्ही खोटं. गणपती, पितृपक्ष, लग्नाचे मुहूर्त यांचंही तसंच.

उपाय सोपा आहे. दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांची बेरीज करा आणि पुढच्या महिन्यात ती एक घर पुढे सरकवा, म्हणजे नवा महिना मिळवा आणि सर्वांत जुना वगळा. ही बेरीज वर्षभर सतत उतरत असेल तर उतरण खरी आहे. ती वर-खाली होत साधारण तिथेच राहत असेल तर तुमचा माल उताराला लागलेलाच नाही. तुम्ही सणाच्या तारखांना घाबरत होता.

दुकानं कमी झाली की प्रत्येक दुकानातला खप?

उतरण खरी ठरली की पुढचा प्रश्न हा. समजा, मागच्या वर्षी महिन्याला ४०० दुकानं तुमचा माल घेत होती आणि सरासरी ३० नग खपत होते, म्हणजे १२,००० नग. आता ९,००० वर आलात. तेव्हा दोन शक्यता आहेत. एक, दुकानं ३०० उरली पण प्रत्येकी खप ३० च आहे. दुसरी, दुकानं जवळपास तेवढीच आहेत पण प्रत्येकी खप २३ वर आला आहे.

पहिल्या प्रकारात गिऱ्हाईक तुम्हाला सोडून गेलेलं नाही, तुमचा माणूस त्या शंभर दुकानांत जायचा थांबला आहे. सेल्समन बदलला असेल, एखाद्या भागातला स्टॉकिस्ट आजारी असेल, उधारीवरून भांडण झालं असेल. याला उतरणीचा माल म्हणायचं नाही. बीट, म्हणजे सेल्समनची दुकानांची ठरलेली फेरी, पुन्हा लावा, तुटलेल्या दुकानांत स्वतः जा, जुनी देणीघेणी मिटवा. बहुतेक वेळा विक्री परत येते आणि एका रुपयाची सूट द्यावी लागत नाही. मरणपंथाला लागला म्हणून सोडून दिलेला माल प्रत्यक्षात नुसता दुकानात पोचत नव्हता, हे बघून वाईट वाटतं, कारण तो वाचवता आला असता.

दुसऱ्या प्रकारात मात्र गिऱ्हाईक खरंच जातंय. आता ते कुठे जातंय ते बघायचं.

तुमचा प्रकार मरतोय की वस्तूची गरजच?

दुकानदाराला 'माझा माल का खपत नाही' असं विचारू नका. तो 'स्वस्त द्या' म्हणेल, कारण त्याला तेच हवं असतं. 'याच्या जागी लोक आता काय नेतात?' असं विचारा.

आपल्याकडचं याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे चेतक. बजाजची ही स्कूटर १९७२ मध्ये आली आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. नव्वदीनंतर मोटरसायकलींनी बाजार खेचला आणि गिअरच्या स्कूटरची विक्री ओसरली. कंपनीने आधी चेतकचं आणि २००९ च्या सुमारास स्कूटरचंच उत्पादन थांबवून सगळं लक्ष मोटरसायकलींवर दिलं. पल्सर या मोटरसायकलमुळे तो निर्णय कंपनीला महागात पडला नाही, हेही खरं. पण स्कूटरची गरज संपली नव्हती. गिअरची, लाथ मारून सुरू करायची स्कूटर नकोशी झाली होती. बटणावर सुरू होणारी, बिनगिअरची, घरातल्या कुणालाही चालवता येणारी स्कूटर हवी होती. होंडाच्या ॲक्टिव्हाने तीच जागा घेतली आणि पुढे देशातल्या सर्वाधिक खपाच्या दुचाकींत ती बसली. बजाजने २०२० मध्ये चेतक हे नाव परत आणलं, तेव्हा ती विजेवर चालणारी होती.

निळीचंही असंच झालं. पावडरची नीळ मागे पडली, द्रवरूप उजाला घरोघरी गेला. पांढरे कपडे पांढरे दिसावेत ही इच्छा तशीच राहिली. तुमच्या मालाची अवस्था अशी असेल तर जाहिरात वाढवून काही होणार नाही. त्याच नावाखाली नव्या रूपातली वस्तू आणावी लागेल. तेवढी ऐपत नसेल तर जुन्या रूपावर टिकून असलेल्या गिऱ्हाइकापुरतं काम आवरतं घ्यावं लागेल.

सोबतची गोष्ट गेली असेल तर थांबा

काही माल स्वतःच्या दोषाने मरत नाही. तो ज्या गोष्टीवर उभा होता ती गोष्टच जाते. रॉकेलचा स्टोव्ह घ्या. स्टोव्ह कितीही चांगला करा, रेशनवरचं रॉकेल आटलं आणि मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गॅस गावोगावी पोचला, की स्टोव्ह घ्यायचं कारणच उरत नाही. तिथे स्कीम काढणं म्हणजे स्वतःचे पैसे जाळणं.

टाइपरायटरचंही तेच. आपल्याकडे टायपिंगच्या संस्था चालायच्या त्या सरकारी परीक्षेवर आणि नोकरीच्या जाहिरातीतल्या 'मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट' या अटीवर. परीक्षा संगणकावर गेली आणि संस्थांनी यंत्रं घेणं थांबवलं. त्यात यंत्राचा काही दोष नव्हता.

म्हणून कागदावर लिहून काढा: आपल्या मालाची गरज कोणत्या नियमामुळे, कोणत्या इंधनामुळे, कोणत्या यंत्रामुळे किंवा कोणत्या परीक्षेमुळे आहे? ती गोष्ट किती वर्षं टिकेल? या उत्तरावरून तुमच्याकडे किती वेळ आहे ते कळतं आणि उरलेले सगळे निर्णय त्या वेळेच्या हिशेबानेच घ्यायचे असतात.

सूट द्यायची की भाव वाढवायचा? हिशेब करा

उतरणीच्या मालात सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो, म्हणून आकडे सविस्तर मांडतो. ते फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे स्वतःचे घाला.

समजा, एक नग तुम्ही स्टॉकिस्टला ४० रुपयांना देता. कच्चा माल, पॅकिंग, गाडीभाडं आणि नेहमीचं कमिशन मिळून ३१ रुपये जातात. हातात ९ रुपये राहतात. महिन्याला १२,००० नग म्हणजे १,०८,००० रुपये.

आता 'दहावर एक फुकट' लावा. ११ नग जातात, पैसे १० चेच येतात. ४०० रुपये आले, ३४१ गेले, ५९ उरले. आधी दहा नगांवर ९० उरायचे. तेच १,०८,००० हातात यायला आता सुमारे २०,००० नग जावे लागतील. उतरणीला लागलेला माल, जो १२,००० वर टिकत नाही, तो स्कीमने कायमचा २०,००० वर जाईल असं तुम्हाला मनापासून वाटतं का? नसेल वाटत तर स्कीम काढूच नका.

उलट बाजूने बघा. भाव ४ रुपयांनी वाढवला तर नगामागे १३ रुपये हातात येतात. मग विक्री १२,००० वरून ८,३०० च्या आसपास आली तरी तेवढेच पैसे मिळतात. आणि माल कमी बनवायचा, कमी वाहून न्यायचा, कमी उधारीवर द्यायचा.

उतरत्या काळात जो गिऱ्हाईक शिल्लक राहतो तो बहुतेक वेळा पक्का असतो. त्याला बदल नको असतो, त्याची सवय पक्की असते, कधी त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो. किमतीवर डोळा ठेवणारे आधीच निघून गेलेले असतात. म्हणून या टप्प्यावर सरसकट सूट देण्याला माझा ठाम विरोध आहे. पण आधी एका तालुक्यात भाव वाढवा, दोन-तीन महिने वर सांगितलेल्या पद्धतीने खरा खप मोजा, मगच बाकीकडे न्या. आणि भाव वाढवताना वजन गुपचूप कमी करू नका. वीस-वीस वर्षं तुमचाच माल नेणारी माणसं आहेत ती, त्यांना फसवणं योग्य नाही.

एक हिशेब आणखी. कारखान्याचं भाडं, ऑफिसचा पगार, वीज यांचा वाटा या मालावर टाकून कुणी 'हा तोट्यात आहे, बंद करा' असं सांगत असेल तर थांबा. माल बंद केल्यावर जे खर्च खरोखर बंद होतील तेवढेच मोजा: या मालासाठीच्या सेल्समनचा पगार, त्याची जाहिरात, परत येणारा माल, अडकलेल्या पैशाचं व्याज. समजा, हे महिन्याला ३८,००० होतात. मग ९ रुपयांच्या हिशेबाने सुमारे ४,२०० नगांपर्यंत हा माल घरात काहीतरी आणतोच आहे. त्याच्या आधी बंद केलात तर भाडं तेवढंच राहील आणि ते दुसऱ्या मालाच्या डोक्यावर बसेल. ४,२०० च्या खाली गेला आणि तिथून उठायची चिन्हं नसली की मात्र जिव्हाळा बाजूला ठेवायचा.

आटोपशीर करा

उतरणीचा माल सगळीकडे, सगळ्या आकारांत विकायची गरज नसते. युनिलिव्हरसारख्या कंपनीनेही शतक बदलताना आपले सुमारे १,६०० ब्रँड ४०० वर आणायचं ठरवलं होतं आणि तिच्या इथल्या कंपनीने, हिंदुस्तान लिव्हरने, तीसेक ब्रँडवर जोर एकवटला. लहान उत्पादकाकडे तर आणखीच कमी पैसा असतो. सात आकारांची पाकिटं असतील तर बिलं काढून बघा, बहुधा दोन-तीन आकारांतच बराचसा पैसा येत असतो. बाकीच्यांची छपाई थांबवा. जिथे खप अजून घट्ट आहे ते जिल्हे ठेवा, लांबचे सोडा. रंगीत जाहिरात बंद करून तो पैसा माल वेळेवर पोचवण्यावर लावा, कारण पक्क्या गिऱ्हाइकाला दोनदा माल मिळाला नाही तर तोही तुटतो.

कधी प्रसंगच घट्ट धरता येतो. मोती साबण हा टाटा ऑइल मिल्सचा. ती कंपनी १९९३ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये गेली. रोजच्या अंघोळीला आज फारसं कुणी मोती घेत नाही, पण नरकचतुर्दशीच्या पहाटे महाराष्ट्रातल्या किती घरांत तो असतो! वर्षभर लढण्यापेक्षा एका पहाटेवर सगळा जोर लावला आणि तिथे त्याला तोड राहिली नाही. हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण लहान उत्पादकालाही ते जमण्यासारखं आहे. तुमचा माल एखाद्या सणाला, विधीला, शेतीच्या हंगामाला, बाळंतपणाच्या खाण्याला चिकटलेला असेल तर वर्षाची विक्री सहा आठवड्यांत करायची तयारी करा. पण त्यासाठी उत्पादन, कामगार आणि कच्च्या मालाची खरेदीही हंगामी करावी लागते. नाहीतर उरलेले दहा महिने खर्च तसाच चालू राहतो.

शेवटचा उरलेला व्हायचं का?

बाकीचे सोडून जातात तेव्हा मागे राहणाऱ्याला काही काळ बरा धंदा मिळू शकतो. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. संगणक आल्यावर इतर कंपन्या एकेक करून थांबल्या, पण सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात उत्पादन २००९ पर्यंत चालू होतं, वर्षाला दहा-बारा हजार यंत्रं. गिऱ्हाईक कोण? न्यायालयं, संरक्षण खातं, सरकारी कार्यालयं, म्हणजे जिथे बदल सावकाश होतो अशी ठिकाणं. असं गिऱ्हाईक तुमच्याकडे असेल तर स्पर्धकाच्या डीलरशी बोला, त्याचे साचे आणि सुटे भाग घ्या, त्याच्या मालाची दुरुस्ती करून द्या. यंत्राचा खप पडला तरी रिबन, वात, वॉशर, ब्लेड असा सुटा माल पुढेही जात राहतो आणि त्यात नफा बरा असतो.

हा मार्ग धरताना एक अट पाळा: नवं यंत्र, नवा साचा, नवं बांधकाम यात पैसा घालायचा नाही. जे आहे ते झिजेपर्यंत वापरायचं.

बंद करायचं ठरलंच तर

इथे घाईने मोठं नुकसान होतं. 'हा माल बंद होतोय' अशी कुणकुण लागली की डीलर पैसे रोखून धरतात आणि उरलेला माल परत घ्या म्हणतात. म्हणून सहा-आठ महिने आधीपासून या मालाची उधारी आवळत आणा, पंधरा दिवसांची मग रोखीची. छापील पाकिटं आणि डबे किती उरलेत ते मोजा आणि शेवटची बॅच त्याच हिशेबाने बनवा. त्यानंतर सगळ्या डीलरना एकाच दिवशी लेखी कळवा: शेवटची ऑर्डर कधी, माल परत कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या अवस्थेतला, सुटे भाग किती वर्षं मिळतील. एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर कळलं तर पुढच्या मालावरचा विश्वासही जातो. आणि ज्या सेल्समनचं कमिशन या मालावर आहे त्याला सर्वांत आधी, समोर बसवून सांगा आणि दुसऱ्या मालाचं लक्ष्य द्या. घरखर्च त्यावर चालतो त्याचा.

बंदची बातमी पसरली की मागणी उसळेल. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी तारघरांत गर्दी उसळली होती. त्याआधी कित्येक वर्षं ती माणसं तिकडे फिरकलीही नव्हती. अशा उसळीत उरलेला माल पूर्ण भावाने विकून घ्या, पण तिच्या भरवशावर नवी बॅच लावू नका.

नाव मात्र सोडू नका. ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर दर दहा वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं आणि सलग पाच वर्षांहून जास्त काळ वापर नसेल तर वापर नाही या कारणावरून, ज्याला त्या नोंदणीची अडचण होते असा कुणीही तो रद्द करून मागू शकतो. जुन्या नावाला बाजारात किंमत असते, चेतकचं उदाहरण वर दिलंच आहे. त्यामुळे शक्य असेल तर थोड्या प्रमाणात, निदान हंगामापुरता माल काढत राहा, त्याची बिलं जपून ठेवा आणि कुणी त्या नावाचा माल बनवायला किंवा नाव विकत घ्यायला आलं तर आपल्या वकिलाला विचारून मगच बोलणी करा.